सॅन्सोच्या पेल्यातलं पिनोटाज

क्वेपरफ्लेई, वेलिंग्टनजवळ
बुधवार, ११ सप्टेंबर २०१३

प्रिय बूता इझाक (थोरल्या भावाला मी अजून बूताच म्हणते),

तुला, डोरीनला आणि योनासला नमस्कार. तुझा पत्ता चर्चमधल्या बाईंकडून मिळाला, त्यांचा जावई तुमच्याच वॉल्व्हिस बेला बंदरावर असतो. मासळीच्या कारखान्यामागची तिसरी गल्ली असं त्यांनी लिहून दिलंय. पत्र पोचलं तर बरोबर, नाहीतर कोणीतरी परका माणूस आपल्या घरच्या भानगडी वाचून करमणूक करून घेईल.

इकडे आम्ही ठीक आहोत. म्हाताऱ्या बापाचे, आपल्या पांचे, गुडघे धरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. कॉफी जरा पातळ झाली की अजून विचारतात, "आज कप विसळून दिलास वाटतं?" चर्चचं छप्पर अखेर बदललं. आता पावसात गळत नाही, म्हणून पाद्रीबाबा प्रवचन अर्धा तास लांबवतात. कुंपणाच्या क्विन्सला लवकर फुलं आली आहेत. आईच्या पद्धतीने मुरांबा करायचा मी दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी करपवते. आन्टी साना सत्तरी ओलांडून अजून द्राक्षतोडणीला जाते, आणि तिच्यापुढे कोणी पेटी भरली तर दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही.

मी अजून वायनरीच्या लॅबमध्येच आहे. हे तुझ्या कानावर आलं असेलच.

एक नवीन गोष्ट मात्र तुला कळली नसेल. पाच वर्षांपूर्वी धाकट्या मालकाने (तोही आता साठीचा झाला, पण नाव धाकटा मालकच) वरचा उतार आणि खालचा जुना तुकडा आम्हा कामगारांच्या संस्थेला लांब मुदतीने कसायला दिला. आमची स्वतःची वाइन, आमचं स्वतःचं लेबल. गेल्या हंगामापासून दोन जातींच्या द्राक्षांच्या दोन लाल वाइन काढतो: उतारावरची पिनोटाज आणि जुन्या तुकड्याची सॅन्सो. जुना तुकडा म्हणजे पा ज्यात राबायचे तोच. कमरेएवढ्या बुटक्या, वाकड्यातिकड्या वेली, तारा नाहीत, पाणी नाही. त्याची द्राक्षं तोवर सगळ्यांबरोबर मोठ्या टाकीतच जायची. मध्ये एकाच वर्षी ती वेगळी भरली होती. कुठल्या वर्षी, ते तुला सांगायला नको.

तर आज सकाळी चाखणी होती. केपटाऊनहून मिसेस डी ब्रुइन आल्या होत्या. त्यांचं दुकान आहे. त्यांना आमच्या दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत. एक पासष्ट रँड, एक अडुसष्ट, म्हणजे भाव जवळजवळ सारखा, द्राक्ष वेगळं, गिऱ्हाईकाने ठरवावं आपली कुठली ते. आमच्यासारख्या नव्या लेबलला असं दुकान मिळणं म्हणजे लॉटरीच. आमची लिंडीवे, म्हणजे वाइन बनवणारी, अठ्ठावीस वर्षांची पोर, सकाळपासून तीनदा टेबल पुसत होती. कुठली बाटली कुठली ते कळू नये म्हणून तिने दोन्हींना आपल्या भावाचे फुटबॉलचे मोजे घातले होते. धुतलेले होते, मी आधी हुंगून पाहिले.

तुला माझं नाक माहीत आहे. मी पीत नाही. तोंडात घेते, फिरवते, थुंकते. इतक्या वर्षांत घोटभरही गिळलेली नाही. पगाराबरोबर वाइनचं टमरेल मिळायचं त्या काळात पांच्या पिढीने आपल्या सगळ्यांच्या वाटचं पिऊन ठेवलंय.

पहिला पेला सॅन्सो. मोजा न काढता कळलं. पातळ, फिका, पिकून मऊ झालेल्या स्ट्रॉबेरीचा वास आणि मागे उन्हातली धूळ. दुसरा पिनोटाज. काळपट, जाड, नुकत्याच रंगवलेल्या दाराचा वास आणि त्यात जास्त पिकलेलं केळं. मी दोन्ही नावं लिहून मोकळी झाले. मग नुसती सवय म्हणून पहिला पेला पुन्हा नाकाशी नेला.

बूता, सॅन्सोच्या मागे पिनोटाज होतं. अगदी थोडं. पण होतं.

मी पेला टेबलावर ठेवला. मिसेस डी ब्रुइन तर खूश होत्या. "या सॅन्सोला चांगलं अंग आहे हो, नेहमी इतकी भरलेली नसते," म्हणाल्या. लिंडीवेचा चेहरा फुलला. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आन्टी हन्ना, बरं नाही का वाटत?"

"नाकात काहीतरी गेलं गं."

खोटं बोलले. नाकात काही गेलं नव्हतं, नाकातून काहीतरी आत गेलं होतं, आणि ते अजून बाहेर आलेलं नाही. कारण ही सॅन्सो जुन्या इमारतीतल्या सिमेंटच्या टाकीत होती, आणि पिनोटाज नव्या शेडमध्ये स्टीलच्या. मध्ये अख्खं अंगण, दोन ट्रॅक्टर आणि सानाच्या कोंबड्या. दोन्ही टाक्यांना सील मी स्वतः लावलं. दोन्हींमध्ये नळीच नाही. नळी नाही, तर व्हॉल्व्ह कुठला?

असा पेला मी याआधी एकदाच हुंगला आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये.

आज एवढंच. उद्या परवा जुन्या तुकड्यात जाऊन येते. काहीतरी साधं कारण असेल. थंडीत डोरीनची छाती भरायची, आता कशी आहे?

तुझी बहीण,
हन्ना


क्वेपरफ्लेई
शनिवार, १४ सप्टेंबर

बूता,

बुधवारचं पत्र मी टाकलं नाही. पाकीट बंद करून पर्समध्ये घातलं, पोस्टासमोरून दोनदा गेले आणि घरी आले. दोन्ही एकदमच पाठवीन.

त्या पत्रात 'कुठल्या वर्षी ते तुला सांगायला नको' असं लिहून मी पळाले. तुला तुझीच गोष्ट काय सांगायची, हे खरं, पण ती मी एकदाही माझ्या हाताने लिहिलेली नाही. म्हणून लिहिते.

त्या वर्षी पहिल्यांदाच जुन्या तुकड्याची सॅन्सो वेगळी ठेवली होती. सात नंबरच्या टाकीत. आठमध्ये पिनोटाज. दोन्हींना एकच नळी, मध्ये एक व्हॉल्व्ह. जूनमधल्या एका रविवारी वाइन टाकीतून टाकीत घ्यायची पाळी तुझी होती. ऑगस्टमध्ये मोठा व्यापारी आला, आणि त्याच्याआधी मी, बाटल्या धुणारी एकोणीस वर्षांची पोरगी, एका रिकाम्या होणाऱ्या पेल्यात नाक घालून म्हणाले, "यात पिनोटाज आहे." फूरीसाहेब, तेव्हाचे व्यवस्थापक, हसले. मग व्यापाऱ्यानेही तेच सांगितलं, आणि फूरीसाहेबांचं हसू गेलं. सौदा मोडला. व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार. त्या दिवशी कोण होतं? इझाक होता. "पिऊन पडला असेल," फूरीसाहेब म्हणाले. लग्नाच्या दिवसापासून तू थेंबाला शिवला नव्हतास, हे मला माहीत होतं. मी ते म्हणाले नाही. तू म्हणालास, "व्हॉल्व्ह बंद होता, मी दोनदा हात लावून पाहिला." मग त्यांनी मला बोलावलं, कारण त्या रविवारी तुझा जेवणाचा डबा घेऊन मी आले होते. आणि मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. तू माझ्या समोरच उभा होतास.

आठवड्याने तुमचं सामान ट्रकवर चढलं. योनास दोन महिन्यांचा होता, डोरीनने त्याला टेबलक्लॉथमध्ये गुंडाळला होता, कारण पांघरुणं खाली बांधली गेली होती. तीन वर्षांनी आई गेली, तर तू फाटकाच्या आत आला नाहीस. बाहेर उभा राहिलास टोपी हातात घेऊन, आणि माती झाल्यावर निघून गेलास. मी पाहिलं होतं तुला. ते मात्र मी खरंच पाहिलं होतं.

आता गुरुवारचं सांगते. मी जुन्या तुकड्याकडे निघाले, वाटेत आन्टी साना भेटली. माझे पांढरे बूट बघून तिला चेव आला.

"अगो बाई! लॅबवाल्या बाई आज मातीत? काय, तिकडचा रस्ता चुकला का?"

"आन्टी, मला जुना तुकडा बघायचाय."

"तिथे काय बघायचं? म्हाताऱ्या वेली. माझ्यासारख्या. चल."

बूता, इतक्या वर्षांत मी सप्टेंबरमध्ये त्या तुकड्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. आम्ही वायनरीवाले तिकडे जातो ते तोडणीच्या दिवशी, ट्रॉलीपर्यंत, आणि द्राक्षं पेट्यांतून वर येतात तेव्हा त्यांना नंबर असतो, तोंड नसतं. खालच्या बांधावर उभी राहिले आणि मला लगेच दिसलं. कोणालाही दिसलं असतं. सॅन्सोचे डोळे अजून फुटायचे आहेत, सगळ्या वेली काळ्या, सुक्या खुंटासारख्या. आणि त्यांच्यामधून, पाच-सहा वेली सोडून एक, अशा हिरव्यागार वेली. हातभर कोंब. पानाच्या पाठीवर पांढरी लव. पिनोटाज. सॅन्सोच्या आधी फुटते ती.

"आन्टी, हे काय आहे?"

"काय म्हणजे? नांग्या भरल्यात. वेल मेली की जागा रिकामी पडते, तिथे दुसरी लावायची. तुझ्या बापाने, अपोलने, लावल्यात."

"पण हे पिनोटाज आहे!"

"मग? वरच्या उताराची लागवड झाली ना, सत्त्याऐंशी साली, तेव्हा कलमांच्या जुड्या उरल्या होत्या. म्हातारा मालक तेव्हा अजून होता, तो म्हणाला, फेकू नका, खाली रिकाम्या जागी लावा. अपोलने लावल्या. बारक्या मण्यांचे घड येतात त्यांना, आधी पिकतात, गोड जास्त. पोरं तेच खातात."

"तुला माहीत होतं?"

"अगं, तोडणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

सानाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत न शिकलेल्या माणसाकडे शिकलेला बघतो. "कोणाला सांगू? तुम्ही वरून पेटीवर लिहून पाठवता 'सॅन्सो', आम्ही सॅन्सो भरतो. कधी कोणी खाली उतरून विचारलंय का, बायांनो, यात काय काय आहे?"

मी तिथेच बांधावर बसले. पांढऱ्या बुटांसकट. नळी नव्हती, व्हॉल्व्ह नव्हता, पंप नव्हता. वेलीच मिसळलेल्या होत्या. १९९५ मध्ये त्या आठ वर्षांच्या होत्या, भरपूर धरलेल्या. तुझ्या टाकीत वाइन येण्याआधीच त्यात पिनोटाज होतं. तू म्हणालास ते अक्षरन् अक्षर खरं होतं. व्हॉल्व्ह बंद होता.

साना घाबरली. तिने मला पाणी पाजलं आणि म्हणाली, "गर्भार बिर्भार नाहीस ना गं या वयात?" मला हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

घरी आले. पा ओसरीवर उन्हात बसले होते, टोपी गुडघ्यावर. मी उभ्याउभ्याच विचारलं.

"पा, जुन्या तुकड्यात नांग्या पिनोटाजने भरल्या होत्या तुम्ही?"

"हो. चांगल्या धरल्या. एकही मेली नाही."

"मग इझाकला घालवलं तेव्हा का नाही बोललात?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, "निघालो होतो."

"कुठे?"

"मालकाच्या मोठ्या घराकडे. तुझी आई म्हणाली, गप्प बसा, नोकरीबरोबर घरही जाईल. मी म्हटलं जाऊ दे घर, पोरगा जातोय. टोपी घातली. फाटकापाशी आलो तर समोरून तू आलीस. रडत होतीस. तू म्हणालीस, 'पा, मी सांगून आले. व्हॉल्व्ह उघडा होता, मी पाहिला.'" ते टोपीची कड बोटांत फिरवत होते. "मग मी म्हटलं, माझ्या वेली तर आहेतच, पण व्हॉल्व्हही उघडा असेल. दोन्ही असू शकतं. माझ्या पोरीने डोळ्यांनी पाहिलंय. आणि ही पोरगी खोटं बोलत नाही. लहानपणी साखर खाल्लीस तरी येऊन सांगायचीस, पा, मी साखर खाल्ली."

"मग तुम्ही परत फिरलात."

"मग मी परत फिरलो. टोपी काढून ठेवली."

मी कप उचलले, आत नेले, धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

बूता, मी व्हॉल्व्ह पाहिला नव्हता. उघडा नाही, बंद नाही. मी पाहिलाच नव्हता.

यापुढे आज लिहवत नाही.

हन्ना


क्वेपरफ्लेई
रविवार, २२ सप्टेंबर

बूता,

हे तिसरं. उद्या सकाळी तिन्ही एका पाकिटात घालून टाकणार आहे. लिंडीवेला तारीख सांगून ठेवलीय, म्हणजे मला फिरता येणार नाही.

आधी संस्थेचं सांगते, म्हणजे अवघड गोष्ट तेवढीच पुढे ढकलली जाईल. बघ, अजून जात नाही सवय. शुक्रवारी बैठकीत मी उभी राहिले आणि सांगितलं की आपली सॅन्सो निव्वळ सॅन्सो नाही. शंभरात पंधरापर्यंत दुसरं द्राक्ष चालतं, आपल्यात त्याहून जास्त निघेल, लेबल बदलायला लागेल. एकच गोंधळ. मिसेस डी ब्रुइनचं कळत नव्हतं, घेतील की नाही. कोणीतरी मागून ओरडलं, "नाक आहे की संकट आहे हे? अख्ख्या केपटाऊनला कळलं नाही, हिलाच बरं कळलं!" साना उठली आणि म्हणाली, "मला तर सव्वीस वर्षांपासून माहीत होतं. मला कोणी संकट म्हटलं नाही, कारण मला कोणी विचारलंच नाही." त्यावर सगळे हसले, पण राग गेला नाही. लिंडीवे मात्र बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होती. तिच्या पहिल्या वाइनवरचं नावच चुकलेलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

मग मी म्हणाले, अजून एक आहे. आणि १९९५ चं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. तेव्हाच्या बायका, तुझ्याबरोबर कामाला असलेले दोघे, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. लॅबच्या किल्ल्या मी लिंडीवेपुढे टेबलावर ठेवल्या. तिने त्या घेतल्या नाहीत, परतही दिल्या नाहीत. अजून तिथेच आहेत, मी काल जाऊन पाहिलं.

आता त्या रविवारचं. मला आठवतंय म्हणून नाही, मला विसरता आलेलं नाही म्हणून लिहिते.

भाजका पाव आणि तळलेला मासा होता डब्यात, आईने वरून क्विन्सचा मुरांबा घातला होता. मी थेट चर्चमधून आले होते. वायनरीच्या दारात उभी राहून हाक मारली. तू ओल्या हातांनी बाहेर आलास, डबा घेतलास आणि म्हणालास, "आत ये ना हन्ना, बघ, फरशी कशी धुतलीय. ताट ठेवून जेव." मी म्हणाले, नको, माझे चर्चचे बूट भिजतील. आणि गेले. एवढंच. दारातून आतलं काही दिसत नव्हतं, उन्हातून अंधारातलं काय दिसणार? आले असते तर व्हॉल्व्ह समोरच होता.

फूरीसाहेबांनी विचारलं तेव्हा मला कोणी धमकावलं नाही, शिकवलं नाही. पिनोटाजचा वास पहिल्यांदा मला आला होता. मला इतकी खात्री होती की व्हॉल्व्ह उघडा होता, की तो मी पाहिला काय आणि न पाहिला काय, सारखंच वाटलं. माझं नाक चुकत नाही. नाक चुकलं नव्हतंच, बूता. टाकीत पिनोटाज होतं. पण ते तिथे कसं आलं हे नाकाला कळत नसतं, आणि मी ते डोळ्यांच्या नावावर सांगितलं. आणि हेही लिहिते, कारण हे सगळ्यात घाण आहे: फूरीसाहेबांनी विचारायच्या आधी मला म्हटलं होतं, "लॅबमध्ये एक जागा आहे, तुझ्यासारख्या नाकासाठी." मला ती जागा हवी होती. तू समोर उभा होतास, माझ्याकडे बघत होतास, रागाने नाही, नुसता वाट बघत, की ही आता खरं बोलेल. मी तुझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत बोलले.

पांना काल, शनिवारी सांगितलं. काय बोलले विचारशील, तर "असं," म्हणाले. मग रात्री जेवले नाहीत, आणि मी रडले तर म्हणाले, "तू रडून काय करणार आता?" हे त्यांनी कठोरपणे म्हटलं नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

आज सकाळी चर्चला जायच्या आधी त्यांनी टोपी घातली. मी म्हटलं, अजून तास आहे. ते फाटकातून डावीकडे वळले, मोठ्या घराकडे. गुडघे धरून, थांबत थांबत. मी मागे मागे. धाकटा मालक पायजम्यावरच बाहेर आला, हातात कॉफी.

"अपोल! काय झालं? आत ये, बस."

"आत येत नाही," पा म्हणाले. "सात नंबरच्या टाकीत जे होतं ते मी लावलं होतं. तुझ्या वडिलांनी लावायला सांगितलं, मी लावलं. इझाकने काही केलं नव्हतं. मी हे सांगायला त्या वर्षी निघालो होतो. आज पोचलो."

मालकाला काही कळेना. मी पुढे होऊन सांगितलं, सगळं, माझंही. कॉफी त्याच्या हातात तशीच गार झाली. शेवटी तो म्हणाला, "देवा! आणि तो माणूस मुलाबाळांसह..." मी रात्रीच लिहून पर्समध्ये ठेवलेला कागद पुढे केला. तो वाचला आणि खाली त्याने आपलं नाव लिहिलं. तो कागद या पाकिटात आहे. त्यावर लिहिलंय की इझाक फॉर्च्यूनने काही चूक केली नव्हती आणि त्याला विनाकारण काढलं. माझ्या अक्षरात आहे, माफ कर, दुसऱ्या कोणाचं अक्षर मला चाललं नसतं. योनासला दाखव. त्याला लहानपणापासून काय सांगितलं असशील, मला माहीत नाही.

लेबलचं ठरलं. आता बाटलीवर दोन्ही द्राक्षांची नावं येणार आहेत, सॅन्सो आधी, पिनोटाज नंतर. मिसेस डी ब्रुइनचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं नाही तरी वाइन वाईट नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काल एक घोट गिळला. मला बघायचं होतं की ज्याच्यासाठी तुझं घर गेलं, ते खाली उतरताना कसं लागतं. चांगलं लागतं, बूता. फार चांगलं लागतं. मला संताप आला.

पा म्हणतात, तोडणीचा हंगाम लागायच्या आधी वॉल्व्हिस बेला जाऊन येऊ. बसने दोन दिवसांचा प्रवास, या गुडघ्यांनी! ऐकत नाहीत. टोपी खुंटीला लावायची सोडून दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलीय. तू त्यांना ये म्हणालास तर मी त्यांना बसमध्ये बसवून देईन. तिकडे उतरवून घ्यायला कोणीतरी या. माझ्याबद्दल तू काही कळवू नकोस, जोवर तुला स्वतःहून कळवावंसं वाटत नाही. मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय.

डोरीनला सांग, तो टेबलक्लॉथ आईचा होता, तो परत नको.

त्या रविवारी डबा दारातच देऊन परत गेलेली,
आत न आलेली,
तुझी हन्ना